विनाइलचा जोड पुन्हा पुन्हा सुटतोय? गनची गरमी वाढवण्याआधी हे तपासा

पीव्हीसी (म्हणजेच विनाइल) ताडपत्रीचा, गरम हवेच्या गनने वितळवून हाताने मारलेला जोड नीट बसला असेल तर ओढल्यावर कापडाचं कोटिंग सुटून येतं, जोड सुटत नाही. तरीही मुंबईत जूनमधला पहिला जोराचा पाऊस झाला की तीच कामं परत यायला लागतात. टेम्पोचं कव्हर, दुकानापुढचं छप्पर, गच्चीवरची शेड, कोळीवाड्यातल्या होडीवरचं आच्छादन. माल वेगवेगळा, तक्रार एकच: जोड उघडला, जरा गरम करून द्या. गरम करून द्यायला वेळ लागत नाही, आणि तोच जोड पुढच्या पावसात पुन्हा उघडतो. कारण सुटलेल्या जोडावर बहुतेकांचं एकच औषध असतं, गनचा आकडा वाढवणं. गरमी कमी पडलेली असू शकते, पण ते ठरवण्याआधी तपासायच्या बऱ्याच गोष्टी आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना एक रुपयाही लागत नाही.

आधी लक्षणं बघा

सुटलेला जोड लगेच पुसू नका, त्यावर गनही धरू नका. उजेडात न्या आणि उघडलेली दोन्ही तोंडं नीट बघा. जोड का सुटला ते तिथेच दिसतं.

• दोन्ही तोंडं गुळगुळीत आणि चकचकीत: विनाइल एकमेकांत वितळलंच नाही, नुसतं चिकटून बसलं होतं. हा कच्चा जोड.

• काठ पक्का आणि मधे पोकळी, किंवा मधे पक्का आणि काठ उघडा: नोझल (गनचं हवा सोडणारं तोंड) आणि जोड दाबायचा रोलर यांचा मेळ बसलेला नाही.

• बारीक फुगे, टाचणीच्या टोकाएवढी भोकं: ओल, अडकलेली हवा किंवा जास्त गरमी, तिन्हींपैकी काहीही.

• पिवळी-तपकिरी रेघ, काठ कडक, दुमडला तर तडकतो: जळका जोड.

• एका तुकड्याचं कोटिंग सोलून दुसऱ्याला चिकटून आलंय आणि खाली पॉलिस्टरच्या धाग्यांची पांढरी जाळी दिसतेय: जोड चांगला होता, कापड हरलं. इथे वेल्डिंग सुधारून काही मिळणार नाही.

• जोड घट्ट आहे, तरी आतल्या बाजूला थेंब: पाणी जोडातून नाही, धाग्यांमधून येतंय.

• गळती नेमकी तीन थर एकत्र येतात त्याच कोपऱ्यात: हा वेगळाच दोष आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर.

जोड अजून उघडलेला नसेल आणि नुसती शंका असेल, तर फेकण्याजोग्या टोकाकडून जोडाला आडवी अशी अडीच सेंटीमीटर रुंद पट्टी कापा आणि दोन्ही थर पकडून विरुद्ध दिशांना सोला. जोड पूर्ण थंड झालेला हवा. गरम जोड कितीही चांगला असला तरी सुटतो आणि माणूस उगाच घाबरतो.

हे खरंच विनाइल आहे का?

हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण अख्खा दिवस वाया घालवणारी चूक इथेच होते. बाजारात ताडपत्री म्हणून दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. एक पॉलिस्टर कापडावर पीव्हीसीचा थर दिलेली, जड, रबरासारखी लवचिक. दुसरी पॉलिथिलीनची, हलकी, हातात चुरचुरणारी, निळी किंवा पिवळी. दोन्ही गरम हवेने वितळतात, पण एकमेकांत कधीच मिसळत नाहीत. निळ्या ताडपत्रीला पीव्हीसीचं ठिगळ लावलं तर ते थंड होताच कागदासारखं सुटतं.

तपास सोपा आहे. नखाएवढा तुकडा कापा, ग्लासभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाका, तुकडा बोटाने दाबून त्यावरचे बुडबुडे काढा आणि सोडून द्या. पॉलिथिलीन तरंगतं, पीव्हीसी बुडतं. तरी खात्री हवी असेल तर तांब्याची तार पकडीत धरून गॅसवर लाल करा, प्लास्टिकला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसीच. हे खिडकीपाशी करा आणि तारेला लागेल तेवढंच प्लास्टिक घ्या. तो धूर छातीत जाऊ देऊ नका.

फ्लेक्सचा प्रकार वेगळा. निवडणुका आणि गणपती झाले की उतरवलेले बॅनर मुंबईभर छपरांवर चढतात. फ्लेक्स पीव्हीसीचाच असतो, पण स्वस्त फ्लेक्समध्ये जाळीच्या दोन्ही बाजूंना पातळ फिल्म दाबून बसवलेली असते. जोड उत्तम लागतो आणि फिल्म जाळीवरून सोलून निघते. शिवाय छापलेल्या बाजूवर शाईचा थर असतो, तो दोन विनाइलच्या मधे येतो. छपाईवर जोड मारायचाच असेल तर त्या पट्ट्यातली शाई आधी पुसून काढा. पावसाळाभर टिकवायचं छप्पर मात्र फ्लेक्सवर बेतू नका.

पुसा, आणि नीट पुसा

भाजीच्या टेम्पोच्या कव्हरवर तेलकट धूळ असते, मासळीच्या गाडीवर मीठ आणि चरबी, रस्त्याकडेच्या छपरावर डिझेलची काजळी. डोळ्यांना दिसत नाही एवढा थरही जोड कच्चा ठेवतो, कारण विनाइलला विनाइल भिडलं तरच ते एक होतं. आधी साबणाचं पाणी, मग पूर्ण वाळवणं, मग पांढऱ्या सुती कापडावर एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) हे द्रावक घेऊन एकाच दिशेने पुसणं. कापड पांढरंच घ्या, मळ उतरतोय का ते कळतं. मळ यायचा थांबेपर्यंत कापड बदलत राहा.

रॉकेलने किंवा पेट्रोलने पुसू नका, मागे तेलकट थर राहतो. गाडीच्या डॅशबोर्डला किंवा टायरला लावायचं सिलिकॉन पॉलिश त्या जागी उडालं असेल तर ते घालवणं फार कठीण, तिथे जोडाची जागाच बदललेली बरी. आणि एमईकेची वाफ शून्य अंशाखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते, म्हणून पुसताना गन बंद आणि लांब, डबा झाकण लावून बाहेर, वाफ पूर्ण उडेपर्यंत काम थांबलेलं. यात कुठलीही सवलत नाही.

ओल: मुंबईत सगळ्यात जास्त फसवते ती हीच

वरचं विनाइल पाणी पीत नाही, आतले धागे पितात. पॉलिस्टरच्या प्रत्येक धाग्यात शेकडो बारीक तंतू असतात आणि कापलेल्या काठावरून त्यांच्या मधल्या फटींत पाणी वर चढतं. रोल गाळ्यात जमिनीवर उभा ठेवलेला, खाली पावसाची ओल, आणि तोच काठ तुम्ही जोडायला घेता. गनची हवा लागली की त्या पाण्याची वाफ होते, वाफ बाहेर पडताना विनाइलमध्ये फुगे येतात, आणि कारागीर म्हणतो गरमी जास्त झाली. तो गरमी कमी करतो. आता फुगेही राहतात आणि जोडही कच्चा होतो.

तुमचं कापड किती पाणी खेचतं हे बघायचं असेल तर एक पट्टी कापून तिचा काठ निळ्या शाईच्या पाण्यात रात्रभर उभा ठेवा. सकाळी कोटिंग थोडं सोलून आतली जाळी बघा. चांगल्या कापडात शाई काठापाशीच थांबलेली असते. वाईट कापडात निळ्या रेघा धाग्याधाग्याने वर गेलेल्या दिसतात. अशा कापडाचा कापलेला काठ पावसाकडे उघडा ठेवला तर जोड कितीही पक्का मारा, थेंब आत येणारच. उपाय म्हणजे काठ दुमडून आत घेणं किंवा त्यावर पीव्हीसीचा सीलर ओढणं. पुढच्या खरेदीला धाग्यांवर पाणी न चढू देणारी प्रक्रिया केलेलं, म्हणजे अँटी-विक कापड मागा.

ओला काठ सापडला तर तो कापून टाका. कापण्याइतकी जागा नसेल तर गन लांब धरून, सतत हलवत, जोडाचा पट्टा हलका गरम करून वाळवा आणि मगच काम सुरू करा. रोल पाटावर किंवा मांडणीवर आडवे ठेवा, टोकांना प्लास्टिक बांधा.

प्लग, वायर, पंखा, टेबल

हाताची चांगली वेल्डिंग गन साधारण १६०० वॅटची असते. २३० व्होल्टला ती ७ अँपिअर ओढते. आपल्याकडचा छोटा प्लग ६ अँपिअरचा. म्हणजे गन मोठ्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरच हवी. छोट्या सॉकेटमध्ये कन्व्हर्टर पिन लावून चालवलेली गन मधेच मंद होते आणि सॉकेट काळं पडतं.

वायरही बघा. ०.७५ चौरस मिलिमीटरची ३० मीटर एक्स्टेन्शन वायर ७ अँपिअरला साधारण ११ व्होल्ट खाते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून साध्या गनची सुमारे ९ टक्के गरमी वाटेतच गेली. गच्चीवर काम करताना खालच्या मजल्यावरून वायर ओढली की सकाळी गाळ्यात पक्के बसलेले जोड दुपारी वर कच्चे का बसतात, त्याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची वायर वापरा आणि ती पूर्ण उलगडा. गुंडाळी तशीच ठेवून एवढा भार घातला तर ती तापते.

पंखा बंद करा. उकाड्यात हे सांगणं जिवावर येतं, पण नोझलवरून जाणारा वारा गरम हवा जोडात शिरण्याआधीच उडवतो. गच्चीवर समुद्राकडून वारा असेल तर आडोसा लावा. टेबल लाकडी किंवा प्लायचं, सपाट हवं. लोखंडी पत्रा किंवा कडाप्पा खालून उष्णता शोषतो, आणि खडबडीत जमिनीवर रोलरचा दाब सगळीकडे सारखा पडत नाही.

गनच्या मागची हवेची जाळी रोज साफ करा. कापडाचा भुगा बसला की हवा कमी जाते आणि एलिमेंट जळतं. नोझलवर काळं विनाइल साचलं असेल तर गन गरम असतानाच पितळी ब्रशने काढा. काम संपल्यावर आकडा शून्यावर आणून थंड हवा काही मिनिटं चालू द्या, मग बंद करा.

आता गरमी, आणि तिच्याबरोबर हाताचा वेग

वरचं सगळं ठीक असेल तरच इथे या. नवीन पोरगा हमखास विचारतो, "काका, पाचशेच्या वर करू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे: "आधी पट्टी मार."

गनवरचा आकडा नोझलमधल्या हवेचा असतो, विनाइलचा नाही. विनाइल साधारण १६० ते २०० अंशांदरम्यान एकमेकांत मिसळतं, आणि २०० च्या पुढे जास्त वेळ राहिलं तर कुजायला लागतं आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. विनाइल किती तापेल हे हवेचं तापमान, हवेचा झोत आणि हात किती हळू सरकतो, या तिघांवर ठरतं. गन फार गरम आणि हात फार वेगात असला तर कच्च्या भाकरीसारखं होतं, वरून करपते आणि आत पीठ राहतं.

म्हणून कामाच्या त्याच रोलमधल्या तुकड्यांवर पट्ट्या मारा. २० मिलिमीटरचं चपटं नोझल आणि सिलिकॉन रोलर घ्या, पट्ट्या एकमेकींवर चार सेंटीमीटर चढवा. साधारण ६०० जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं वजन ६०० ग्रॅम) कापडाला मी ४०० पासून सुरू करतो, मग ४३०, ४६०, ४९०. हाताचा वेग सगळीकडे सारखा. प्रत्येक पट्टीवर मार्करने आकडा लिहा, पूर्ण थंड होऊ द्या, आडव्या कापून सोला. कमी आकड्यावर तोंडं चकचकीत सुटतील. एका टप्प्यावर कोटिंग जाळीवरून सोलायला लागेल, तिथून जोड पक्का. आणखी वर पिवळेपणा आणि वास येईल. पक्क्या पट्ट्यांमधला मधला आकडा घ्या, सगळ्यात वरचा नाही. काम करताना हात कधी थोडा पुढे, कधी थोडा मागे होतोच, मधल्या आकड्यावर दोन्हीकडे वाव राहतो.

आकडा बरोबर असल्याची खूण काठावर दिसते. रोलर गेल्यावर जोडाच्या कडेने वितळलेल्या विनाइलची केसाएवढी चकचकीत रेघ बाहेर येते. रेघ नाही, तर गरमी किंवा दाब कमी. रेघ जाड आणि पिवळसर, तर जास्त. ही रेघ बघायची सवय लागली की गनच्या आकड्याकडे बघावं लागत नाही. दुसऱ्याच्या गनवरचा आकडा आपल्याकडे चालेल असं धरूही नका. जुन्या गनमध्ये आकडा आणि खरी हवा यांत बराच फरक पडतो.

हाताची चाल

जोड एकदम मारू नका. आधी आतल्या काठाने ठिकठिकाणी टाके घ्या म्हणजे कापड सरकणार नाही. मग आतली कड सलग चिकटवून एक खिसा तयार करा, त्यामुळे गरम हवा मागून निसटत नाही. शेवटी मुख्य जोड: नोझल दोन थरांमध्ये तिरकं, साधारण ४५ अंशांत, आणि रोलर त्याच्या लगेच मागे, एका बोटाच्या अंतरावर. अंतर वाढलं की विनाइल दाब मिळण्याआधी थंड होतं, आणि तुमच्या हाती नेमका तो चकचकीत कच्चा जोड लागतो. रोलर आतून बाहेरच्या काठाकडे ओढा, हवा बाहेर निघते. उलट फिरवला तर हवा मधे अडकते.

सुरकुत्या येत असतील तर बहुतेक वेळा एक थर ताणलेला आणि दुसरा सैल असतो. टाके घ्यायच्या आधी दोन्ही सपाट पसरून अर्धा तास राहू द्या. रोलवर राहिलेल्या कापडाला वळण पडलेलं असतं.

आता तो तीन थरांचा कोपरा. एक जोड दुसऱ्यावर चढतो तिथे खालच्या कापडाच्या काठाची पायरी होते. रुंद सिलिकॉन रोलर त्या पायरीवरून उडी मारून जातो आणि पायरीच्या पायथ्याशी सुईएवढी बोगद्यासारखी जागा राहते. वरून काहीच दिसत नाही, पाणी मात्र तिथूनच आत येतं. खालचा काठ आधी गरम करून ब्लेडने तिरका छाटा म्हणजे पायरी राहत नाही, आणि जोड मारताना अरुंद पितळी रोलर त्या रेषेवरून दाबून फिरवा. थंड झाल्यावर बारीक स्क्रूड्रायव्हरचं टोक हलक्या हाताने काठाला लावत जा. कुठे आत शिरलं तर तिथे पुन्हा गरम करा. प्रत्येक कोपरा असा तपासायला दोन मिनिटं लागतात आणि परत आलेल्या कामांपैकी कितीतरी याच दोन मिनिटांनी वाचली असती.

जोड चांगला, तरी एकाच जागी सुटतो

मग ताण बघा. दोन थर एकमेकांवर घसरायच्या दिशेने ओढले तर जोड प्रचंड ताकद घेतो. तेच थर सोलायच्या दिशेने ओढले तर फार थोड्या ताकदीत उघडतात. दोरी किंवा आयलेट जोडाला सोलत असेल तर वेल्डिंग कितीही सुधारा, जोड सुटणार. ठिगळ असं फिरवा की ओढ त्याच्या पृष्ठभागाला समांतर पडेल, आणि ठिगळाचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपऱ्यापासूनच सोलणं सुरू होतं. उतारावर वरचा तुकडा खालच्यावर चढलेला हवा, कौलांसारखा.

छपरावर पाणी साचत असेल तर हिशोब करा: एक चौरस मीटरवर पाच सेंटीमीटर पाणी म्हणजे ५० किलो. तिथे जोड नव्हे, छपराचा उतार सुधारायचा आहे.

इथे थांबा

कापड जुनं, कडक झालंय आणि दुमडल्यावर तडे जातात, तर त्यातलं मऊपणा देणारं द्रव्य निघून गेलंय. वरचा थर बारीक पॉलिश पेपरने घासून, एमईकेने पुसून एक पट्टी मारून बघा. ती सुटली तर कापड बदला. नवं कापड जुन्याला लावून पैसे घालवू नका.

कापडावर पीव्हीडीएफचा (मळ न धरणाऱ्या फ्लोरिनयुक्त प्लास्टिकचा) लेप असेल तर बहुतेक वेळा तो घासून काढल्याशिवाय जोड लागत नाही, आणि घासताना धागा उघडा पडला तर कापड गेलं. ताणून बसवलेली मोठी छत्रं, स्टेडियमसारखे मंडप, माणसं ज्याच्याखाली उभी राहतात ते काहीही: हात लावू नका. ते बनवणाऱ्यालाच बोलवा. हवेने फुगणाऱ्या होड्या आणि लाइफ राफ्ट यांचंही तेच. लांब, सरळ आणि भार घेणारे जोड असतील तर २७.१२ मेगाहर्ट्झच्या एचएफ (हाय फ्रिक्वेन्सी) वेल्डिंग मशीनवर करून घ्या, ते विनाइलला आतून तापवतं आणि दाब सगळीकडे सारखा देतं.

सिमेंटच्या पत्र्यांवर चढून काम करू नका. पावसाने भिजलेला जुना पत्रा माणसाचं वजन अचानक सोडतो. कापड खाली उतरवून घ्या किंवा उंचीवर काम करणारी, पट्टा-दोर असलेली माणसं आणा.

बंद गाळ्यात काम करताना घसा खवखवला, डोळे झोंबले तर गरमी जास्त आहे आणि तुम्ही आम्लाची वाफ घेताय. गन बंद करा, बाहेर या. रुमाल किंवा कापडी मास्क या वायूला अडवत नाही, त्याला आम्लवायूचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. बाहेर येऊनही दम लागत असेल, छातीत घट्ट वाटत असेल तर डॉक्टरांकडे जा.

गन झटका देत असेल, आकडा स्थिर राहत नसेल किंवा एलिमेंट लाल होऊन हवा येत नसेल तर घरी उघडू नका. सर्व्हिस सेंटरला द्या.

काम व्यावसायिकाकडे नेताना त्याला नुसतं "जोड सुटतो" सांगू नका. सुटलेल्या जोडाचा न पुसलेला तुकडा, आकडे लिहिलेल्या पट्ट्या आणि कापडाच्या बिलावरचा जीएसएम सोबत द्या.